ऑप्शनला टाकलेली अमेरिका

सरोजिनीबाई सबनीसांना अमेरिकन व्हायचं होतं ते एकाच कारणासाठी. एकदा अमेरिकन झालं की अमेरिकेला जावं लागत नाही.

हे जरा समजावून सांगायला हवं. त्यांचा मुलगा अनीश न्यू जर्सीत. आधीच्या काळी मुलं आईवडिलांना काशीयात्रा घडवत, तसं त्याने २००३ साली दोघांना ग्रीन कार्ड करून दिलं. पण काशीला एकदा जाऊन आलं की भागतं. कार्डाचं तसं नाही. ते जिवंत ठेवायचं तर आपण तिकडेच राहतो असं दाखवत राहावं लागतं, फार दिवस बाहेर काढले तर विमानतळावरचा माणूस चष्म्यावरून बघून विचारतो, "इतके दिवस कुठे होतात?" सासूबाईंनीही सरोजिनीबाईंना हा प्रश्न या सुरात कधी विचारला नव्हता.

म्हणून वर्षाचे तीन तुकडे झाले होते. सात महिने न्यू जर्सी, तीन महिने सिंगापूरला मुलीकडे, आणि उरलेले दोन सांगलीला, स्वतःच्याच फ्लॅटमधली जळमटं काढायला. सहा वर्षांत सरोजिनीबाईंची सूटकेस पूर्ण रिकामी अशी झालीच नव्हती. तळाचा एक थर कायमचा वस्तीला असे: लोकरी मोजे, अमृतांजन, मेतकुटाची पिशवी. वय अडुसष्ट. त्यांना आता ती सूटकेस एकदा पालथी करून, झटकून, माळ्यावर टाकायची होती. बाकी काही मागणं नव्हतं.

"नागरिक झालात की सुटलात," अनीशने फोनवर सांगितलं. "मग सांगलीत राहा नाहीतर चंद्रावर. कोणी विचारणार नाही."

त्यासाठी एक परीक्षा होती. ऑक्टोबरात अर्ज गेला. मुलाखतीची तारीख आली १४ एप्रिल २००९, आणि पत्र आलं तेव्हा दोघं सिंगापूरच्या तोआ पायोह वस्तीत मुलीच्या, राधिकाच्या फ्लॅटमध्ये, बाराव्या मजल्यावर होती.

दिलीपराव सबनीसांनी सांगलीच्या एका हायस्कुलात छत्तीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. परीक्षा म्हटल्यावर त्यांची कंबरदुखी थांबली. अमेरिकेचा सगळा इतिहास शंभर प्रश्नांत बसवलेला होता. त्यांतले दहा विचारणार, सहा बरोबर आले की पास. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि लाल पेन्सिल मागवली.

"म्हणजे चाळीस प्रश्न ऑप्शनला टाकता येतील."

"असं कसं?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "कुठले दहा विचारतील ते आपल्याला काय ठाऊक?"

"अगं, छत्तीस वर्षं पेपर काढलेत मी. पेपर काढणाऱ्याचं मन मला कळतं. वादाचा भाग कोणी विचारत नाही. उगीच पालक शाळेत येतात."

दुपारपर्यंत अमेरिकेचा निकाल लागला. वॉशिंग्टन, तेरा वसाहती, राज्यघटना, फ्रान्सकडून विकत घेतलेला मुलूख आणि दोन्ही महायुद्धं यांच्यापुढे 'आयएमपी' पडलं. चंद्र यादीत नव्हता, तो त्यांनी स्वखुशीने घेतला. मूळचे रहिवासी, गुलामगिरी, बायकांचे हक्क आणि काळ्या लोकांची चळवळ ऑप्शनला गेली.

"यादवी युद्धसुद्धा?"

"यादवीत तारखा फार असतात."

सरोजिनीबाईंनी ती वगळलेली यादी हातात घेतली. "मग ही चाळीस मी करते. तुम्ही साठ करा. घरात मिळून शंभर होतील."

दिलीपरावांना हे रास्त वाटलं. पंचेचाळीस वर्षं संसार याच पद्धतीने चालला होता; नारळ ते फोडत, खवत त्या. मुलाखतीला एकेकाला वेगळ्या खोलीत बोलावतील आणि तिथे दुसऱ्याची चाळीस कामाला येणार नाहीत, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. ते तिसऱ्या दिवशी राधिकाच्या लक्षात आलं. ती अकाउंटंट होती, तिच्या लक्षात यायचंच. पण तोवर दोघांच्या वह्यांना खाकी कव्हरं घालून झाली होती, आणि कव्हर घातलेल्या वहीचा अभ्यासक्रम बदलायचा नसतो.

सरोजिनीबाईंनी सांगलीच्या पोस्टात तीस वर्षं काउंटरवर काढलेली. फॉर्मचं इंग्रजी त्यांना उत्तम येई, गोष्टीचं हळूहळू. नुसती उत्तरं पाठ करणं त्यांच्याने होईना. मागचंपुढचं कळल्याशिवाय त्यांनी कधी रजिस्टर पत्रसुद्धा घेतलं नव्हतं. राधिकाच्या कार्डावर त्यांनी तोआ पायोहच्या लायब्ररीतून अमेरिकन लोकांच्या इतिहासाचं एक दांडगं पुस्तक आणलं. फोटो भरपूर, वजन तीन किलो. मांडीवर घेतलं की पायाला मुंग्या येत. सकाळी जावई प्रबोध जुरोंग आयलंडच्या कंपनी बसला गेला, राधिका ऑफिसला गेली, की डायनिंग टेबलाच्या एका टोकाला साठ आणि दुसऱ्या टोकाला चाळीस असा वर्ग भरे.

"अहो, युरोपातले लोक यायच्या आधी अमेरिकेत कोण राहत होतं?"

"ते ऑप्शनला आहे."

"माझ्याकडे आहे ते. इंडियन लोक राहत होते."

"बरोबर. पुढचा."

"मग ते कुठे गेले?"

"तो प्रश्न यादीत नाही."

"पुस्तकात आहे ना. सैनिकांनी त्यांना गावांतून उठवलं आणि चालत पश्चिमेला पाठवलं. थंडीत. म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. कितीतरी वाटेत गेले."

"गुण नाहीत त्याला," दिलीपराव म्हणाले, आणि तेराच्या तेरा वसाहती उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हणून दाखवल्या. खरं तर तीन सांगितल्या तरी चालणार होतं.

दुसऱ्या दिवशी दिलीपरावांनी विचारलं, "वसाहतवाले अमेरिकेत का आले? एक कारण द्या. धार्मिक स्वातंत्र्य, राजकीय स्वातंत्र्य, आर्थिक संधी. कुठलंही एक चालेल."

"मुलाने बोलावलं, हे नाही का त्यात?"

"नाही."

"मग आपल्याला विचारलं तर काय सांगायचं?"

"आर्थिक संधी सांग."

"अडुसष्टाव्या वर्षी? तो साहेब तोंडावर हसेल." त्यांनी पान उलटलं. "आणि ज्यांना साखळ्या घालून बोटीतून आणलं, त्यांनी कुठलं कारण द्यायचं हो?"

दिलीपरावांनी चहाचा कप उचलला. कपात चहा नव्हता. तरी ते बराच वेळ पीत राहिले.

दिलीपरावांची अमेरिका वेगाने पुढे जात होती. ती स्वतंत्र झाली, तिने जमीन घेतली, दोन्ही महायुद्धं जिंकली आणि जेवायच्या वेळेपर्यंत चंद्रावर पोचली. सरोजिनीबाईंची अमेरिका पायी चालली होती. एका बैलगाडीच्या फोटोपाशी त्या दोन दिवस थांबल्या. पिठाची पोती, पलंगाचे पाय, आणि मधल्या बोळकांडीत एक बाई. नवरा पुढे उभा, छाती काढून. त्याला पुढचा मुलूख दिसत होता. बाईला बहुधा संध्याकाळचा स्वयंपाक दिसत होता. चांगीच्या विमानतळावर गेट उघडायची वाट बघताना आपलं तोंड असंच होतं, हे सरोजिनीबाईंनी ओळखलं.

पुढे न्यूयॉर्कच्या बंदरातलं बेट आलं. तिथे एक म्हातारी, डोक्याला रुमाल, कोटाला चिठ्ठी टाचलेली. "पार्सलला लावतो तशी," त्या पुटपुटल्या. मग मंदीचा काळ, धुळीची वादळं. एका खटारा मोटारीवर गादी, शेगडी, खुर्च्या, आणि गादीच्या मागे, जिथे माणूस बसवत नाहीत तिथे, आजी. मग दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेली काळी कुटुंबं, आगगाडीत, मांडीवर खोक्यात शिदोरी. कारण वाटेतल्या उपाहारगृहांत त्यांना कोणी वाढणार नव्हतं.

"बघा तुम्ही," त्या म्हणाल्या. "कुठलंही पान काढा. कोणीतरी सामान बांधतंय."

"तो स्थलांतराचा इतिहास आहे. प्रगती होते त्याने."

"होत असेल. पण या आजीला कोणी विचारलं असेल का, यायचंय का म्हणून?"

"आजी अभ्यासक्रमात नाही."

"नाहीच आहे. शंभर प्रश्नांत एकही नाही. मी बघितलं." त्या रागावलेल्या नव्हत्या. "माणसं चांगली आहेत हो. पण किती दमलेली."

संध्याकाळी त्या ब्लॉकखालच्या बाकावर बसत. तिथे चौथ्या मजल्यावरच्या मिसेस गोह असत, बहात्तर वर्षांच्या. आयुष्यात दोन घरं बदलली, दोन्ही तोआ पायोहमध्ये.

"यू गो अमेरिका अगेन, आह?"

"एप्रिल," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"वा, सो फार. फॉर व्हॉट?"

सरोजिनीबाईंना आता शंभरातली चाळीस उत्तरं तोंडपाठ होती आणि उरलेली साठ रोज कानावर पडून आली होती. यादवी युद्धाची तीन कारणं त्यांनी झोपेत सांगितली असती. याला मात्र त्या नुसत्या हसल्या. लिफ्टमध्ये बारा मजले चढेपर्यंत विचार केला, तरी एका वाक्यात मावेल असं काही सापडलं नाही.

त्या रविवारी राधिका भाजी चिरत होती. सरोजिनीबाई लसूण सोलत होत्या.

"राधिका, ते ग्रीन कार्ड परत देता येतं का ग?"

"परत म्हणजे?"

"पोस्टात घेण्याचा फॉर्म असतो तसा न घेण्याचाही शेरा असतो. पार्सल दारात आलं तरी नको म्हणता येतं. सरकार कुठलंही असो, त्याचा कागद असणारच."

राधिकाने हात पुसले आणि कॉम्प्युटर लावला. दहा मिनिटांनी ती म्हणाली, "आहे. इथल्या एम्बसीतच देता येतं. आई, दादा मला कच्चं खाईल."

"तुला कशाला? मी आहे ना खायला."

"आणि मग? इथेच राहाल ना तुम्ही? इथे राहायच्या पाससाठी मी अर्ज करते."

"नाही ग. सांगलीला."

राधिकाने फरसबी पुन्हा पुढे ओढली. "तिथे तुमचं बघायला कोण आहे?" तिने विचारलं.

"बघायला कोणी नाही. म्हणूनच तर मेलं जरा डोळा लागेल."

दिलीपरावांना त्यांनी सोमवारी सांगितलं. ते तेव्हा सत्तावन्नाव्या प्रश्नावर होते.

"मी परीक्षा देणार नाही."

"अगं, तुझी चाळीस तर माझ्या साठांपेक्षा पक्की आहेत!"

"म्हणूनच."

"तू असं बघ," दिलीपरावांनी चष्मा काढला. वर्गातल्या ढ मुलीला समजावताना ते काढत. "एकदा पास झालो की संपलं. मग आपण सांगलीतच राहणार. फक्त अमेरिकन म्हणून."

"त्यासाठी परत न्यू जर्सी. मग मुलाखत. मग शपथ. मग त्यांचा पासपोर्ट. मग आपला पासपोर्ट परत करायचा. मग सांगलीत राहायला आपल्याच सरकारचं कार्ड काढायचं. किती रांगा झाल्या?"

दिलीपरावांनी प्रामाणिकपणे बोटं मोजली. "सहा. विमानतळाच्या सोडून."

"माझ्यात एकच शिल्लक आहे. ती कुठे लावायची ते मी ठरवलंय."

"अनीशने किती धडपड केली त्या कार्डासाठी. त्याला काय वाटेल?"

"वाईट वाटेल," सरोजिनीबाई म्हणाल्या. "ते मी ऑप्शनला टाकलेलं नाही."

गुरुवारची वेळ मिळाली. दिलीपराव कोट घालून निघाले. आपण फक्त सोबत येतोय, असं त्यांनी घरी दोनदा आणि बसमध्ये एकदा सांगितलं. स्वतःचं कार्ड मात्र त्यांच्या आतल्या खिशात होतं, ते कुठेही ठेवायची त्यांना भीती वाटे म्हणून.

एम्बसीत फोन जमा झाला, पर्स तपासली, नंबर मिळाला. खिडकीमागे टाय लावलेला एक तरुण अधिकारी होता. सरोजिनीबाईंनी फॉर्म घरूनच भरून आणला होता. एकही खाडाखोड नाही, अक्षरं चौकटींच्या मधोमध. काउंटरच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाचा जीव कशाने निवतो हे त्यांना ठाऊक होतं.

"मॅडम, हे तुम्ही स्वतःच्या इच्छेने करताय ना? कोणाचा दबाव?"

"दबाव घ्या म्हणून होता," सरोजिनीबाई त्यांच्या पोस्टातल्या इंग्रजीत म्हणाल्या. "द्या म्हणून कोणाचा नाही."

त्याने फॉर्म खालपर्यंत वाचला आणि एका ठिकाणी पेन टेकवलं. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता. टायर्ड.

"इथे जरा अधिक सविस्तर लिहाल का, मॅडम?"

सरोजिनीबाईंनी फॉर्म परत घेतला. विचार केला. त्या शब्दाच्या आधी जागा होती, तिथे त्यांनी 'व्हेरी' लिहिलं आणि फॉर्म खिडकीतून आत सरकवला.

अधिकाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी अधिकाऱ्याकडे पाहिलं. काही माणसं काउंटरच्या कुठल्याही बाजूला उभी असली तरी काउंटर त्यांचाच असतो. त्याने शिक्का मारला, कार्ड घेतलं आणि एक पोच दिली. सरोजिनीबाई मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि पर्स मांडीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"सर, तुमचंही आहे का काही?"

सोबत आलेले दिलीपराव खिडकीशी आले. "एक शंका आहे. परीक्षा देऊन, पास होऊन, मग कार्ड परत करता येईल का?"

"पास होऊन शपथ घेतलीत की तुम्ही नागरिक होता, सर. मग कार्ड उरतच नाही."

"शपथ नको. फक्त पास व्हायचंय."

अधिकाऱ्याने खुर्ची जरा पुढे घेतली. असा अर्जदार त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटत होता. "त्यासाठी तुम्हाला तिकडे जावं लागेल, सर."

दिलीपरावांनी वळून खुर्चीकडे पाहिलं. सरोजिनीबाईंची मान एका बाजूला कलली होती. एकट्याने जायचं म्हणजे वीस-बावीस तासांचा प्रवास. मधल्या विमानतळावर गेट कुठलं ते तीच वाचायची, रक्तदाबाची गोळी कुठल्या कप्प्यात असते ते तिलाच ठाऊक. त्यांच्या साठांत यातलं काहीच नव्हतं.

"मला विचार करायला वेळ लागेल," ते म्हणाले.

"घ्या, सर."

भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे त्यांनी अकरा मिनिटं घेतली. मग कोरा फॉर्म मागितला. नाव, जन्मतारीख, पत्ता त्यांनी आपलं आपण लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. सरोजिनीबाईंचा शिक्का मारलेला फॉर्म काचेपलीकडे तसाच पडला होता. छत्तीस वर्षांत या माणसाने कॉपीच्या चिठ्ठ्या मुलांच्या बुटांतून, बाह्यांतून, एकदा तर पोळीच्या घडीतून काढल्या होत्या. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मान किंचित लांब केली आणि दोन्ही शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.

अधिकाऱ्याने ते पाहिलं. हसू दाबून त्याने शिक्का मारला.

संध्याकाळी सात वाजता, म्हणजे न्यू जर्सीत सकाळी सात वाजता, सरोजिनीबाईंनी अनीशला फोन लावला. तो गाडीत होता. त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. असं थांबत थांबत सांगितलं की राहून जातं. दिलीपराव शेजारी कान लावून बसले होते.

"मी काय कमी केलं, आई?"

"काही नाही रे. तू सगळं केलंस. आमचंच संपलं."

"मला आधी विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू समजावलं असतंस. आणि मी ऐकलं असतं."

अनीशने कोणालातरी हॉर्न वाजवला. मग म्हणाला, "बाबांनी पण दिलं?"

"त्यांनी पण."

"मग आता भेटायचं कसं?"

"सांगलीला ये."

"मला सलग दहा दिवस रजा मिळते, आई. त्यातले तीन जाण्यायेण्यात जातात."

"हो रे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "मला माहीत आहे. मी सहा वर्षं तेच केलंय."

त्याने सिग्नल लागलाय म्हणून सांगितलं, मग सुटलाय म्हणून सांगितलं, आणि ऑफिसात पोचून करतो म्हणाला. फोन बंद झाला. राधिका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. हातात उलथनं होतं.

"काय म्हणाला दादा?"

"येतो म्हणाला. दिवाळीला."

दिलीपरावांचा कान इतका वेळ रिसीव्हरला चिकटलेला होता. असलं काही अनीश बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "दहा दिवस."

राधिका आत गेली. सरोजिनीबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि साडेसात वाजता, जेवणाची वाट न बघता, पलंगावर आडव्या झाल्या.